सहाशे मीटरच्या मागे

श्रीलंकेचं सरकार आणि वेगळ्या तामिळ राज्यासाठी लढणारी एलटीटीई ही संघटना (म्हणजे ‘वाघ’) यांच्यात २००२ साली झालेल्या शस्त्रसंधीच्या करारात मासेमारीचं एक कलम आहे, २.११. आपल्याकडच्या रापणकराला वाचून दाखवलं तर तो लगेच वाळूवर काठीने रेघा मारून हिशोब करील, इतकं ते नेमकं आहे. करार लागू झाल्यापासून ९० दिवसांत दिवसाच्या आणि रात्रीच्या मासेमारीवरची बंधनं उठवायची. पण किनाऱ्यावर लष्कराची छावणी असेल तर तिच्या दोन्ही अंगांना एकेक सागरी मैल आणि समोर समुद्रात दोन सागरी मैल जाळं पडता कामा नये. बंदरात, बंदराच्या वाटेवर, खाडीच्या मुखाशीही नाही. सागरी मैल १,८५२ मीटरचा. म्हणजे एका छावणीमागे पावणेचार किलोमीटर पुळण गेली. होडी घेऊन बाहेर जाणारा वळसा घालून जाईल, पण रापण किनाऱ्यावरूनच ओढावी लागते. तामिळमध्ये रापणीला ‘करैवलै’ म्हणतात, करै म्हणजे किनारा. जाफन्याच्या ज्या गावाच्या पुळणीवर छावणी बसली, त्या गावाची रापण शांततेच्या काळातही कोरडीच राहिली.

हे कलम मुद्दाम आधी सांगतो, कारण त्यावरून करार लिहिणाऱ्यांची नजर किती बारीक होती ते कळतं. समुद्र त्यांनी मैलांत मोजला, जमीन मीटरांत, सवलती दिवसांत. आणि ठरवून केलेल्या हत्या? त्यांच्यासाठी कलम १.२ मध्ये एक शब्द आहे. गोळीबार, छापे, दबा धरून हल्ले, हत्या, अपहरण, घातपात, आत्मघाती मोहिमा हे काही करायचं नाही, अशा यादीत तो येतो आणि जातो. हत्या झालीच तर तपास कोण करणार, साक्षीदाराला कोण सांभाळणार, मारेकरी कुणाच्या हवाली करायचा, यावर पुढे ओळ नाही. कराराची पुढची सहा वर्षं ज्या भोकातून गळत गेली ते भोक हेच, असं माझं ठाम मत आहे.

नॉर्वेच्या मध्यस्थीने झालेला हा करार २२ फेब्रुवारी २००२ रोजी जाहीर झाला. एका बाजूने पंतप्रधान रानिल विक्रमसिंघे यांची सही, दुसऱ्या बाजूने एलटीटीईचा प्रमुख प्रभाकरन याची. जिथे समोरासमोर खंदक होते तिथे दोन्ही फौजांमध्ये किमान ६०० मीटर मोकळी पट्टी ठेवायची असं ठरलं. मालवणच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात सिंधुदुर्ग दिसतो, साधारण तेवढं अंतर. मोकळं मैदान असेल तर रायफलवाल्याला एवढ्यावरून चुकून चाप ओढायचाही मोह होत नाही. आणि या पट्टीने आपलं काम केलं, हेही मान्य करायला हवं. आघाडीवरची मोठी लढाई थांबली, तोफा गप्प झाल्या, जाफन्याला जाणारा ए-९ रस्ता उघडला, वर्षानुवर्षं न भेटलेली माणसं भेटली. खंदकातली माणसं मरायची थांबली. मरण सरकलं ते पट्टीच्या मागे, गावात, बाजारात, घराच्या ओट्यावर.

ते का सरकलं हे समजायला करारातली दोन कलमं शेजारी ठेवून वाचावी लागतात. कलम १.८ सांगतं की सरकारच्या बाजूने लढणाऱ्या तामिळ सशस्त्र गटांकडची हत्यारं सरकारने ३० दिवसांत काढून घ्यायची, आणि त्यांतल्या ज्यांना सैन्यात यायचं असेल त्यांना उत्तर-पूर्व प्रांतांच्या बाहेर नेमायचं. आता कलम १.१३ पाहा. राजकीय कामासाठी एलटीटीईची ५० निःशस्त्र माणसं सरकारी ताब्यातल्या तामिळ भागात येऊ शकतील, तीही बरोबर ३० व्या दिवसापासून. ६० व्या दिवशी आणखी १००. ९० व्या दिवसानंतर सगळे. दोन्ही कलमं आपापल्या जागी रास्त आहेत. पण एकाच तारखेला एका गटाच्या हातून बंदूक काढून घेतली आणि ज्यांच्या भीतीने त्याने ती धरली होती, त्यांच्यासाठी त्याच तारखेला नाका उघडला. ईपीडीपी, ईपीआरएलएफ, प्लॉट यांसारख्या तामिळ गटांचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं एलटीटीईच्या मारायच्या यादीवर होते. या गटांतल्या काहींनी खंडण्या उकळल्या होत्या, माणसं गायब केली होती, त्यांना कुणी संत म्हणणार नाही. पण निःशस्त्र करून त्याच गल्लीत, त्याच घरात ठेवलं तर त्यांचं काय होणार, हे कुणालाही दिसायला हवं होतं.

यादी हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. युद्ध चालू असताना माणूस शोधणं कठीण असतं, कारण रस्ते बंद, नाके, संचारबंदी. शस्त्रसंधी झाली की माणसं उघड्यावर येतात, ठरलेल्या वेळी कामाला जातात, देवळात जातात, एकाच दुकानात चहा पितात. यादी तीच असते, फक्त पत्ते सापडायला लागतात. त्यात करार होण्याआधीच एक अक्षम्य गोष्ट घडून गेली होती. २ जानेवारी २००२ रोजी, दोन्ही बाजूंनी आपापली युद्धबंदी जाहीर केलेली असताना, कोलंबोजवळच्या अथुरुगिरिया इथल्या एका घरावर पोलिसांनी धाड घातली. ते घर लष्कराच्या गुप्तचर विभागाचं होतं. एलटीटीईच्या मुलखात खोलवर जाणाऱ्या पथकांचं काम तिथून चाले. माणसं पकडली गेली, नावं बाहेर आली, वर्तमानपत्रांत चर्चा झाली. त्या पथकांना मदत करणारे तामिळ खबरे आणि त्यांना सांभाळणारे अधिकारी पुढच्या वर्षांत एकेक करून मारले गेले. खबऱ्याला ना पद असतं ना पेन्शन. त्याचं नाव फुटलं की त्याच्याकडे उरतं फक्त घर, आणि घराचा पत्ता सगळ्यांना माहीत असतो.

हत्या व्हायची तिची रीत ठरलेली असे. मोटरसायकल, दोन माणसं, पिस्तूल, अगदी जवळून गोळ्या. तोफगोळा पडला की खड्डा राहतो, दिशा मोजता येते, कुठल्या बाजूने आला ते सांगता येतं. पिस्तुलाच्या गोळीला बाजू नसते. रिकामी काडतुसं गोळा करून, आधीच्या खुनांतल्या काडतुसांशी ताडून, एकच हत्यार किती ठिकाणी वापरलं गेलं हे शोधता येतं. पण त्यासाठी पोलीस वेळेवर पोचले पाहिजेत आणि लोकांनी बोललं पाहिजे. बाटिकलोआसारख्या जागी शहर सरकारच्या ताब्यात, आणि थोडं आत गेलं की वाघांचं राज्य. मारेकरी तिकडे गेला की पोलिसांचा पाय थबके. पोलीस ठाण्यात बहुतेक माणसं सिंहली बोलणारी. आपल्या नवऱ्याचा खून कसा झाला हे बाईने तामिळमध्ये सांगायचं आणि समोरच्याने ते सिंहलीत उतरवायचं. त्या कागदावर सही करून ती परत जाणार कुठे, तर त्याच गल्लीत. ती काही पाहिलं नाही म्हणते. तिच्या जागी आपल्यातलं कुणीही हेच म्हणेल.

मग निरीक्षक काय करत होते? नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड या पाच देशांतली माणसं घेऊन श्रीलंका मॉनिटरिंग मिशन उभं राहिलं. मुख्यालय कोलंबोत, जिल्ह्याची कार्यालयं जाफना, मन्नार, वावुनिया, त्रिंकोमाली, बाटिकलोआ आणि अंपारा इथे. प्रत्येक ठिकाणी पाच जणांची स्थानिक समिती: दोघे सरकारने नेमलेले, दोघे एलटीटीईने, अध्यक्ष परदेशी निरीक्षक. निरीक्षकांकडे शस्त्र नाही, अटकेचा अधिकार नाही, कुणाला समन्स काढता येत नाही. तक्रार आली की जायचं, दोन्ही बाजूंना विचारायचं, आणि भंग झाला की नाही असा निर्णय द्यायचा. बंकर पुढे सरकवला, नाक्यावर अडवलं, झेंडा लावला, असल्या भांडणांना ही रचना चांगली पुरते. खुनाला पुरत नाही. कारण खुनात बाजू कोण हेच ठरत नाही. ज्याचा खून झाला तो ईपीडीपीचा, म्हणजे समितीत त्याचा माणूसच नाही. ज्यांच्यावर संशय ते म्हणतात आमचा संबंध नाही. पुरावा नसला की निर्णय नाही, आणि निर्णय नसला की तो खून तक्त्यातही चढत नाही.

एप्रिल २००७ पर्यंत मिशनने एलटीटीईच्या नावावर ३,८३० आणि सरकारच्या नावावर ३५१ भंग नोंदवले. त्यांतली एलटीटीईची जवळपास निम्मी प्रकरणं लहान मुलांना पळवून भरती करण्याची. हे आकडे दोन्हीकडचे लोक आपापल्या सोयीने नाचवत आले, पण कुणी केले हे सिद्ध झालं नाही असे खून त्या रकान्यांत नाहीत, हे ध्यानात ठेवूनच ते वाचले पाहिजेत. ह्यूमन राइट्स वॉचने २००५ च्या मे महिन्यात, करार झाल्यापासून दोनशेहून अधिक तामिळ माणसं राजकीय कारणाने मारली गेल्याचं आणि त्यांतल्या बहुतेकांचा संशय एलटीटीईवर असल्याचं म्हटलं होतं. युद्ध नसतानाचा हा हिशोब.

आणि मग भाऊबंदकी. मार्च २००४ मध्ये एलटीटीईचा पूर्वेकडचा सेनापती करुणा फुटला. पूर्वेची पोरं लढायला आणि मरायला, पदं मात्र सगळी उत्तरेकडच्यांना, ही त्याची तक्रार. त्याने सरकारकडे आपल्यासाठी वेगळ्या शस्त्रसंधीची मागणी केली, सरकारने ती दिली नाही. एप्रिलमध्ये, गुड फ्रायडेच्या सुमाराला, उत्तरेची फौज वेरुगल नदी ओलांडून आली आणि थोड्याच दिवसांत करुणाने आपल्या फौजेला घरी जायला सांगितलं.

आपल्या किनाऱ्याला ही गोष्ट नवी वाटू नये. सेखोजी आंग्रे १७३३ मध्ये गेले आणि संभाजी आणि मानाजी या भावांत फूट पडली. पेशव्यांनी मानाजींना हाताशी धरलं, एका घराची दोन घरं झाली, एक कुलाब्याला, एक विजयदुर्गाला. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज मिळून विजयदुर्गावर आले तेव्हा आंग्र्यांचं आरमार खाडीतच जळालं. फुटलेल्या घराचा एक तुकडा तिसऱ्याच्या हाती लागला की काय होतं, ते विजयदुर्गाच्या तटावर उभं राहून अजून समजतं.

करुणाचा तुकडा हळूहळू सरकारी लष्कराच्या हाती लागला. सरकार बराच काळ नाकारत राहिलं, पण त्याचे लोक सरकारी ताब्यातल्या भागातून वावरत होते हे सगळ्यांना दिसत होतं. इथे कलम १.८ पुन्हा वर आलं. एलटीटीई म्हणे, करुणाचा गट म्हणजे तुमचाच सशस्त्र गट, त्याला निःशस्त्र करा. सरकार म्हणे, कलम २००२ चं, गट २००४ चा, त्याला ते लागू नाही. करार लिहिताना ‘आजचे आणि उद्या निर्माण होणारे’ एवढे शब्द घातले असते तर हा वाद उभाच राहिला नसता. फेब्रुवारी २००६ मध्ये जिनिव्हाला दोन्ही बाजू बसल्या त्या मुख्यतः याच एका मुद्द्यावर. सरकारने लिहून दिलं की आपल्या फौजांखेरीज कुणालाही सशस्त्र कारवाया करू देणार नाही. एलटीटीईने लिहून दिलं की सैनिक आणि पोलिसांवर हल्ले होणार नाहीत. दोन महिन्यांत दोन्ही आश्वासनं मोडली.

मधल्या काळात दोन्हीकडून खून पडत होते. जुलै २००४ मध्ये कोलंबोजवळच्या कोट्टावा इथे एका घरात करुणाच्या माणसांना मारलं गेलं. फेब्रुवारी २००५ मध्ये एलटीटीईचा बाटिकलोआ-अंपाराचा राजकीय प्रमुख कौशल्यन वाटेत मारला गेला, त्याच्यासोबत असलेले माजी खासदार चंद्रनेरू जखमी होऊन दुसऱ्या दिवशी गेले. पत्रकार शिवराम यांना त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलंबोत उचललं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृतदेह सापडला. सगळ्यांत जास्त मरत होती ती घरी परतलेली पोरं. करुणाने सोडून दिलेल्या कित्येकांचं वय शाळेतलं होतं. वाघ त्यांना पुन्हा न्यायला घरी यायचे, पुढे करुणाचेही लोक यायला लागले. एकच पोर दोन याद्यांवर.

जोसेफ परराजसिंहम यांचा खून मात्र मनातून जात नाही. तामिळ नॅशनल अलायन्सचे खासदार, वय सत्तरीचं. २००५ च्या नाताळची मध्यरात्रीची मिस्सा, बाटिकलोआचं सेंट मेरीज. आपल्याकडे मालवणला, कोर्लईला त्या रात्री चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते, पोरं नव्या कपड्यांत, बायका साड्या सावरत. तसंच तिथे. परराजसिंहम प्रसाद घेऊन वळले आणि गर्दीतच त्यांच्यावर गोळ्या झाल्या. त्यांची पत्नीही जखमी झाली. चर्च सरकारी ताब्यातल्या भागात, भोवती पहारे. मारेकरी निघून गेले.

अशा एका हत्येने काय काय ओढून आणलं याचा हिशोब त्रिंकोमालीत दिसतो. ७ एप्रिल २००६ ला तिथले तामिळ नेते विग्नेश्वरन यांना गोळ्या घातल्या. पाच दिवसांनी, १२ तारखेला, नववर्षाच्या खरेदीने भरलेल्या भाजीबाजारात बॉम्ब फुटला आणि लगेच जमावाने तामिळांची दुकानं, घरं जाळली. त्याआधी १२ ऑगस्ट २००५ ला परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कदिरगामर यांना कोलंबोतल्या त्यांच्या राहत्या घरी, पोहून बाहेर येताना, शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावरून टिपलं होतं. देशात त्या रात्रीच आणीबाणी लागली. कदिरगामर स्वतः तामिळ होते. मोठ्या माणसाचा खून हा शस्त्रसंधीच्या डोक्यावर घातलेला घाव असतो, पण तोवर ती आतून खिळखिळी झालेली असते, ज्यांची नावं आपण कधी ऐकली नाहीत अशा शेकडो माणसांच्या खुनांनी.

समुद्राचं एक सांगायला हवं, कारण तो करारातला सगळ्यांत कच्चा भाग. जमिनीवर रेषा होती, पाण्यावर नव्हती. सी टायगर्स या आपल्या समुद्री दलाला वाघ आरमार म्हणत, सरकार ते मानत नसे. फेब्रुवारी २००३ मध्ये डेल्फ्ट बेटाजवळ वाघांचा एक ट्रॉलर अडवला, निरीक्षक तपासायला चढले, लपवलेली हत्यारं सापडली. वाघांनी निरीक्षकांना पाण्यात उड्या मारायला लावल्या आणि तिघांनी स्वतःसकट ट्रॉलर उडवला. मे २००६ मध्ये तर ७०० हून अधिक सैनिकांना नेणाऱ्या ‘पर्ल क्रूझर’ जहाजाच्या ताफ्यावर निरीक्षकांचा झेंडा असताना हल्ला झाला. समुद्र आणि आकाश सरकारच्याच ताब्यात, असा निर्णय निरीक्षकांनी दिला. वाघांनी तो मानला नाही.

आपल्या ईशान्येकडच्या नागा प्रदेशातही हाच खड्डा होता. एनएससीएन या नागा बंडखोर संघटनेच्या आयझॅक-मुइवा गटाची दिल्लीशी शस्त्रसंधी १९९७ पासून, खापलांग गटाची २००१ पासून. दोघांची दिल्लीशी, आपसांत काहीच नाही. त्यामुळे सैन्याशी शांतता आणि दिमापूरच्या वस्त्यांत एकमेकांचे मुडदे. २००८ मध्ये नागा चर्च आणि समाजातल्या लोकांनी फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन उभा करून गटांना एकमेकांसमोर बसवलं, २००९ च्या जूनमध्ये सलोख्याच्या करारावर वरिष्ठांनी सह्या केल्या. सगळे खून थांबले नाहीत, पण कमी झाले ते दिल्लीच्या कागदाने नव्हे, या बसण्याने.

म्हणून कुठल्याही नव्या शस्त्रसंधीची बातमी आली की सह्या करणारे हात किती, हे मोजण्याआधी सही न करणाऱ्यांची संख्या पाहावी. हत्यार कुणाचं, कितव्या दिवशी काढलं जाणार आणि त्याच दिवशी त्याच्या गल्लीत कुणाला मोकळीक मिळणार. निःशस्त्र झालेल्या माणसाला दुसऱ्या जिल्ह्यात घर, काम आणि नवा पत्ता मिळणार की नाही. खबऱ्यांच्या नोंदी कुणाच्या कपाटात आहेत आणि किल्ली कुणाकडे. खुनाचा तपास करणाऱ्याला दोन्ही बाजूंच्या मुलखात जाता येणार का, साक्ष साक्षीदाराच्याच भाषेत घेतली जाणार का. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक फिलिप अल्स्टन २००५ च्या अखेरीस श्रीलंकेत फिरले आणि त्यांनीही हेच बोट ठेवलं: निरीक्षक पथक शस्त्रसंधी टिकवायला आहे, माणसं वाचवायला नाही, आणि पोलीस तपास करत नाहीत.

२००६ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने एलटीटीईला दहशतवादी ठरवलं. वाघांनी स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडच्या निरीक्षकांना जायला सांगितलं. उरले नॉर्वे आणि आइसलंडचे थोडे. जुलैत वाघांनी मावील आरूच्या कालव्याचं दार बंद केलं आणि लढाई उघड सुरू झाली, करार मात्र कागदावर होता. कलम ४.४ नुसार तो मोडायला १४ दिवसांची नोटीस लागत असे. १ जानेवारी २००८ ला कोलंबोच्या देवळात खासदार महेश्वरन यांना गोळ्या घातल्या. २ जानेवारीला सरकारने नोटीस दिली. ५ जानेवारीला मन्नारमध्ये वाघांचा गुप्तचर अधिकारी चार्ल्स सुरुंगाने उडवला गेला, ८ ला मंत्री दसनायके मारले गेले. १६ जानेवारीला नोटिशीचे १४ दिवस संपले आणि त्याच दिवशी बुट्टलाजवळ प्रवाशांनी भरलेल्या बसवर हल्ला झाला. निरीक्षकांनी कार्यालयं आवरली. मासेमारीचं कलम २.११ पण त्या दिवशी गेलं. जाफन्याच्या होड्यांवर बंदी तर त्याच्याही आधीपासून परत आलेली होती, पहाटेचं जाळं पुन्हा लष्कराच्या परवानगीवर.